रामरावांची निधनवार्ता

गुरुवारी सकाळी वडीगोद्रीच्या मठात पाय ठेवायला जागा नव्हती. ठरल्या वेळी सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले आणि कधीच वारलेल्या महाराजांचा आवाज घुमला, "आलात का लेकरांनो?" लोकांनी हात जोडले, बायांनी पदर डोळ्यांना लावले. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. अशा वेळी मला पूर्वी राग यायचा, आता नुसता थकवा येतो.

"देह गेला, महाराज गेले न्हाईत!" मठ चालवणारे कल्याणबुवा गरजले. "ग्रुपवर दुःख लिहा, वैकुंठातून जल्दी उत्तर! तिथली रेंज कधी जात न्हाई!"

उत्तर खरंच मिनिटात येई, तेही महाराजांच्या आवाजात. माझ्या शेजारच्या झुंबरकाकूंनी नातीकडून लिहून घेतलं, की शुगर हटत नाही. उत्तर आलं, "औषध सोड, माझ्यावर भार टाक." काकूंनी इन्सुलिन बंद केलं. आता पायाचा अंगठा काळा पडला होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी उशीर केला तर पाय जाईल.

"सर, तुमचं विज्ञान तुमच्यापाशी," काकू म्हणाल्या. "आवाज महाराजांचाच हाय. जलमभर ऐकलाय मी."

आवाज त्यांचाच होता, हीच तर पंचाईत होती. शेवटी मी त्यांच्या नवऱ्याला, रामरावांना विचारलं, "काका, तुम्ही वारल्याचं ग्रुपवर टाकू का?"

ते बशीतला चहा फुंकत होते. "टाका. खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतेत."

त्यावरही वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. काकूंच्याच मोबाईलवरून मी लिहिलं, रामरावांचं दुःखद निधन.

"अवं, काय अभद्र करून राह्यले!" काकू ओरडल्या. तेवढ्यात मोबाईल वाजला.

"रडू नको, बाई. तुझा माणूस माझ्या पायाशी आलाय. सुखात हाय."

काकूंनी आवाज ऐकला, मग नवऱ्याकडं पाहिलं. "हे तर हितं चहा पिऊन राह्यलेत!"

"काकू, शाळेत नातीची गैरहजेरी लागली की तुम्हाला मेसेज येतो ना? तो मी लिहीत नाही, मशीन धाडतं. तसंच हे. मठवाल्यांनी महाराजांची जुनी प्रवचनं कापून कॉम्प्युटरात साठवलीत. गुरुवार उजाडला की एक तुकडा आपोआप सुटतो. ग्रुपवर 'निधन' दिसलं की सांत्वनाचा, 'शुगर' दिसलं की औषध सोडायचा. आवाज खरा आहे, पण बोलणारं कुणी नाही."

काकूंनी आपल्या काळ्या अंगठ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "रिक्षा बोलवा."

गावाला हे कळलं तेव्हा कल्याणबुवा डगमगले नाहीत. "महाराजांना पुढचं दिसतंय!" म्हणाले. काहींनी मानाही डोलावल्या.

काकूंचा अंगठा गेला, पाय वाचला. अंबडच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो, तेव्हा रामराव त्यांना मोसंबी सोलून देत होते. उशाशी मोबाईल वाजला, "आज तुझ्या माणसाचा तेरावा. तो वैकुंठाला पोचला." तेराव्याचा तुकडाही आधीच लावून ठेवलेला होता.

काकूंनी मोबाईल बंद केला. "माझा अंगठाबी तिकडंच गेला आसंल," म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

बाबांनो, आवाज कितीही ओळखीचा असो, आधी विचारा, हे कोण बोलतंय, कशावरून बोलतंय. आणि विचारून होईपर्यंत औषध सोडू नका.