शेवटच्या पानावरची मुलगी

छापखान्यात त्याला सगळे दुर्बीण म्हणत. चित्रं छपाईला जाण्याआधी संगणकावर मोठी करून त्यांतली घाण काढायची, हे त्याचं काम. धूळ, केस, बोटाचा ठसा, काही म्हणून नजरेतून सुटायचं नाही. "घरातली जळमटं तेवढी ह्यांना दिसत नाहीत," असं बायको म्हणायची, आणि तेही काही खोटं नव्हतं.

चित्रकार ताईंची चित्रं आली की तो आधी हसून घ्यायचा. त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर रंगवायच्या, त्यामुळे कागदावर चहाचे थेंब ठरलेलेच. "ताई, चित्रं पाठवलीत की टेबल पुसायचं फडकं?" तो फोनवर चिडवायचा. "तुम्ही आहात ना निस्तरायला," त्या म्हणायच्या. बारा वर्षं हे असंच चाललं होतं.

ह्या वेळचं पुस्तक लहान मुलांचं होतं. पानोपानी निरनिराळी माणसं. काळी, गोरी, ठेंगणी, कुबडी घेतलेली, जाड भिंगांचा चष्मा लावलेली. आणि प्रत्येकाखाली एकच ओळ: भूक लागते, हसू येतं, कुशीत शिरावंसं वाटतं. शेवटच्या पानावर वर्गभर मुलं. त्यातल्या एकीच्या गालावर डोळ्यापासून हनुवटीपर्यंत तपकिरी ओघळ होता. दुर्बिणीने कपाळावर हात मारला. "घ्या! आज तर बाईंनी अख्खा कपच लवंडला!" दोन तास खपून त्याने तो गाल लख्ख केला. घाई होती, त्यामुळे ताईंना पुन्हा दाखवायचं राहून गेलं. पुस्तकं छापून, बांधून तयार झाली.

पहिली प्रत बघायला ताई आल्या त्या लेकीला घेऊन. आठेक वर्षांची पोर, गळपट्टा पार डोळ्यांपर्यंत ओढलेला. ती पुस्तकांच्या गठ्ठ्याकडे धावली तशा ताई हळू आवाजात म्हणाल्या, "महिना झाला, शाळेत पाऊल टाकलेलं नाही. पोरं नाही नाही ते बोलतात. उद्या तिच्या वर्गात हे पुस्तक वाटणार आहेत. त्यात ती आहे हे सगळ्यांनी बघितलं की मग जाईन, असं कसंबसं कबूल केलंय बाईसाहेबांनी."

पुस्तक उघडताना पोरीने गळपट्टा खाली ओढला. दुर्बिणीने तिचा गाल पाहिला. डोळ्यापासून हनुवटीपर्यंत तोच तपकिरी ओघळ, जन्मापासूनचा डाग.

ती शेवटच्या पानाशी थांबली.

"फ्रॉक माझाच आहे," ती म्हणाली. मग आईकडे न बघताच तिने विचारलं, "आई, तुलाही माझा डाग नको होता का गं?"

ताईंनी पुस्तक ओढून घेतलं, पान पाहिलं आणि त्या लख्ख गालावरून बोट फिरवलं.

"आईने नाही बाळा, मी!" दुर्बीण घाईघाईने म्हणाला. त्याला रडू आवरत नव्हतं. "मला मेल्याला वाटलं, काहीतरी सांडलंय."

पोरीला त्याची दयाच आली असावी. "सगळ्यांना तसंच वाटतं, काका," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "माझी आजी पण अजून ओला रुमाल लावून बघते."

आता मात्र त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने ताईंचे रंग मागितले, ब्रश मागितला. शंभर असोत की हजार, रात्रभर बसेन, एकेका प्रतीत हाताने रंगवून देईन, तो म्हणाला. ताईंनी आशेने लेकीकडे पाहिलं.

"नको काका," पोर म्हणाली आणि गळपट्टा वर ओढू लागली. "मग मुलं म्हणतील, पुस्तक चांगलं होतं, नंतर कुणीतरी खराब केलं."

ती आईचा हात धरून दाराकडे निघाली.

"उद्या शाळेत..." ताई कशाबशा म्हणाल्या.

"उद्या नको ना," ती म्हणाली.