बटण मी दाबलं होतं

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी छत्तीस वर्षं काढली. शहरातले निम्मे नंबर माझ्या जिभेवर असायचे. म्हणून ओले टॉवेल हातात धरून मुलीने मऊ आवाजात विचारलं, "आई, सुकवायचं बटण दाबलं होतंस ना?" तेव्हा मी तिच्यावर खेकसले. रागाने नव्हे, भीतीने. माझ्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आधी ती बटणं विसरली, मग माणसं.

आमच्या घराला गॅलरी नाही, म्हणून मुलीने धुऊन सुकवूनही देणारं मशीन आणलं. सुकवताना ड्रम अर्धाच भरायचा, आधी जोरात पिळून घ्यायचं, म्हणजे वीज कमी जळते, हे सगळं तिने मला पढवलं होतं. मी अगदी तसंच करायचे. धुणं झालं की निम्मे कपडे बाहेर, सुकवायचं बटण दाबायचं आणि आडवं व्हायचं. पहिले पंधरा दिवस कपडे छान सुकले. मग संध्याकाळी दार उघडावं तर ओलेगार!

तिसऱ्यांदा तसं झालं, तेव्हा बटण दाबल्यावर तळहातावर पेनने फुली मारायला लागले. संध्याकाळी फुली जागेवर आणि कपडे ओलेच. मग वाटलं, फुली मारली आणि बटणच विसरले की काय? स्वतःच्या हाताचाही भरवसा उरला नाही.

आमचे हे पाणीखात्यात होते. जन्मभर झडपा उघडल्या नि मिटल्या, अजूनही नळ दिसला की हात शिवशिवतो. हल्ली ते माझ्यामागून हळूच येऊन गॅसची बटणंही तपासत. मला कळत नाही असं त्यांना वाटायचं. मला सगळं कळत होतं.

मुलीने गुरुवारची डॉक्टरांची वेळ घेतली. मी म्हटलं, "आधी मशीन दाखव, मग मला." बुधवारी मेकॅनिक आला. सगळं उघडून पाहिलं, काहीच बिघाड नाही. मुलीने माझी नजर टाळली.

"मावशी, नेहमी करता तसं करून दाखवा," तो म्हणाला.

मी दोन टॉवेल छोट्या धुण्याला लावले. चहा होईतो मशीनने शिट्टी दिली. शिट्टीसरशी हे उठले, मशीनमागे वाकले आणि परत येऊन बसले. मी सुकवायचं बटण दाबलं.

"थांबा, थांबा! काका, तुम्ही आत्ता काय केलंत?"

"नळ बंद केला. महिन्यापूर्वी ठिबकताना दिसला होता, तेव्हापासून धुण्याआधी मीच उघडतो आणि धुणं झालं की मीच बंद करतो." आवाजात केवढा अभिमान!

मेकॅनिकने कपाळाला हात लावला. "अहो, या मशीनला सुकवतानाही पाणी लागतं. कपड्यांतून निघालेली वाफ गार पाण्याने थंड करून बाहेर काढतात. नळ बंद असला तर वाफ आतल्या आत फिरते, कपडे पुन्हा भिजतात आणि वीज फुकट जाते."

"थेंबभर पाण्यासाठी, बाबा?" मुलगी ओरडली आणि मग हसता हसता रडायलाच लागली.

माझा जीव भांड्यात पडला. महिनाभराने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. नंतर मात्र ह्यांना असं काही सुनावलं, की मेकॅनिक हत्यारं आवरून घाईघाईने निघाला.

दोन तासांनी टॉवेल कोरडे निघाले. ह्यांनी एक उचलून माझ्या खांद्यावर ठेवला. "मला वाटलं, तू मलाही विसरणार," एवढंच म्हणाले. मी दुसरा टॉवेल उचलून त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"उद्याची वेळ रद्द करते," मुलगी म्हणाली आणि डॉक्टरांचं कार्ड शोधायला पर्स उपसू लागली. तिने तो नंबर गेल्या आठवड्यात फोनवर एकदाच मोठ्याने उच्चारला होता.

तिला कार्ड सापडेपर्यंत माझं दवाखान्याशी बोलून झालं होतं.