भाऊंच्या हातची पट्टी

शंभर किलोच्या पुढचा गडी. परळच्या क्लबात शिरताना दाराला खांदा घासू नये म्हणून तिरका व्हायचा. आणि असा माणूस जळावा कशावर? तर एका सुती पट्टीवर! बॉक्सर ग्लोव्ह घालायच्या आधी बोटांना नि मनगटाला गुंडाळतात ना, त्या पट्टीवर. हसू नका. हरेश्वर तांडेलच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही जळला असतात.

त्या क्लबाची एक रीत होती. पोरांनी आपापली पट्टी आपण बांधायची. फक्त क्लबातल्या एक नंबरच्या गड्याची पट्टी रामूभाऊ स्वतः बांधायचे. रामूभाऊ म्हणजे तिथले उस्ताद. मूळचे मालवणकडचे, गिरणी होती तोवर गिरणीत, आणि ती बंद पडल्यावर सकाळ-संध्याकाळ क्लबात. ते स्टुलावर बसायचे, गड्याचा हात आपल्या गुडघ्यावर घ्यायचे, अंगठ्यापासून सुरुवात करायचे. शेवटच्या वेढ्याला गावच्या रवळनाथाचं नाव घ्यायचे आणि मुठीवर थाप मारून म्हणायचे, "जा, झिला." हरेश्वरने त्या थापेवर वर्षानुवर्षं भलेभले लोळवले होते.

मग तो हरला. परत हरला. तिसऱ्यांदा हरला तेव्हा तर उजवा अंगठाच मोडून घेतला. प्लास्टर निघाल्यावर तो क्लबात आला, सवयीने भाऊंच्या पुढ्यात बसला आणि हात पुढे केला. भाऊंनी त्या हाताकडे पाहिलं आणि मान फिरवली. "तुझी तू बांध आता," म्हणाले. आणि त्याच आठवड्यात त्याच्या जागी बसला कोण? स्वप्नील! ज्याला डावा ठोसा कसा टाकायचा हे हरेश्वरने हात धरून शिकवलं, तो स्वप्नील!

झालं. त्या दिवसापासून ती थाप कानावर पडली की हरेश्वरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बरं, स्वप्नील वजनाने कितीतरी हलका, म्हणजे रिंगमध्ये उतरून एकदाचा सोक्षमोक्ष लावायचीही सोय नाही. मग नुसती धुसफूस. स्वप्नीलने "दादा" म्हणून हाक मारली की हा बॅगेवर दणादण ठोसे हाणायचा. स्वप्नीलने जिंकल्याचे पेढे आणले तर "मला गोड बंद आहे" म्हणाला आणि नाक्यावर जाऊन एकटाच जिलबी खात उभा राहिला.

त्याची बायको मंजुळा दादरच्या बाजारात मासे विकायची. तिच्या नजरेतून काय सुटणार?

"एवढा काय जळतोस रे?" एका सकाळी तिने विचारलंच. "भाऊंनी सवत आणली काय तुझ्यावर?"

"तुला नाही कळायचं."

"नको कळू दे. चाळिशी आली, अजून पट्टीसाठी रुसतोस! इकडे दे, मी बांधते. पापलेट बांधते तशी घट्ट बांधते."

त्याला हसू आलं नाही. त्याने लालबागच्या मैदानावरच्या स्पर्धेत नाव दिलं होतं. लोक म्हणाले, म्हातारचळ लागलाय. म्हणेनात का! त्याला पदक नको होतं, पेपरात फोटो नको होता. जिंकायचं, परत एक नंबर व्हायचं आणि परत भाऊंच्या गुडघ्यावर हात ठेवायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्यापायी तो रोज प्रभादेवीपासून दादर चौपाटीपर्यंत धावला, घरच्या भातावर पाणी सोडलं आणि पोरांच्या वयाच्या पोरांकडून सरावात मार खाल्ला.

स्पर्धेच्या संध्याकाळी मैदानाला लागून असलेल्या शाळेचा एक वर्ग क्लबाला कपडे बदलायला दिला होता. हरेश्वर बाकावर बसून पिशवीतून आपली पट्टी काढत होता. समोर भाऊ स्वप्नीलची बांधत होते. रवळनाथ झाला, थाप झाली. "जा, झिला." हरेश्वरने दात-ओठ खाल्ले आणि तोंडावर पाणी मारायला बाहेर गेला.

नळापाशी पोहोचला तर त्याच्या मागोमाग स्वप्नील आला, आणि याला न बघता कोपऱ्यात वळून भाऊंनी बांधलेली पट्टी भराभर सोडायला लागला. हरेश्वरला आधी खरंच वाटेना. मग असा आनंद झाला म्हणता! सापडला लेकाचा! त्याने जाऊन स्वप्नीलची मानगूटच धरली.

"भाऊंची पट्टी सोडतोस? माज आला काय? चल, चल त्यांच्यासमोर!"

"दादा, हळू बोल ना! भाऊ ऐकतील."

"ऐकू देत की!"

"अरे, त्यांचे हात थरथरतात," स्वप्नील कळवळून म्हणाला. "बघ, अंगठ्याला वेढाच बसत नाही. तुझा अंगठा कशाने मोडला, माहितीये तुला?"

हरेश्वरची पकड सुटली. त्या दिवशी ग्लोव्हच्या आत काहीतरी सैल-सैल वाटलं होतं खरं. पण भाऊंच्या पट्टीवर संशय घ्यायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"तुझा हात मोडला आणि भाऊ क्लब सोडायला निघाले," स्वप्नील सांगत होता. "मला म्हणाले, त्याच्या हाताला परत हात लावायची छाती होत नाही माझी. मीच मागे लागलो, मग माझी बांधा म्हटलं. रोज बांधतात. रोज सांगतो, एकदम घट्ट बसलीये भाऊ. मग इकडे येऊन सोडतो नि परत बांधतो. काय करू? नाहीतर घरी बसून खचले असते रे."

आता कुणाला वाटेल, हरेश्वरचा जीव थंड झाला असेल. छे! उलट त्याला आणखीच मिरच्या झोंबल्या. भाऊंना सांभाळायचा मान खरा कुणाचा? त्याचा! आणि तो इकडे रुसून जिलब्या खात होता, तेव्हा या कालच्या पोराने तोही मान पटकावला होता. कुणाला कळूही न देता.

तो ताडताड वर्गात आला, भाऊंच्या पुढ्यात बसला आणि दोन्ही हात त्यांच्या गुडघ्यांवर ठेवले.

"पट्टी बांधा."

"तुझी तू बांध."

"त्याची बांधता, माझी का नाही? मी काय परका झालो?"

भाऊंच्या डोळ्यांत भीती होती. "हरेश्वरा, नको रे."

"तुमच्या हातची नसेल तर मी लढत नाही. हा चाललो घरी."

भाऊंनी पट्टी घेतली. बोटं थरथरत होती, अंगठ्याचा वेढा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा कसाबसा बसला. रवळनाथ झाला. मुठीवर थाप पडली आणि हरेश्वरला एकदम भरून आलं. दारातून स्वप्नील डोळ्यांनी खुणावत होता, चल नळावर, मी बांधून देतो. हरेश्वर जागचा हलला नाही. स्वप्नील सोडतो ना? मग मी सोडणार नाही.

समोर शीवचा राकेश होता, वयाने खूप लहान, अंगाने तेवढाच. पहिल्या फेरीत त्याने हरेश्वरला दोरापर्यंत रेटत नेलं. दुसऱ्या फेरीत हरेश्वरचा उजवा ठोसा राकेशच्या कपाळावर बसला, राकेश लटपटला, आणि ग्लोव्हच्या आत अंगठ्यातून कळ पार खांद्यापर्यंत गेली.

"उजवो खय गेलो तुझो?" कोपऱ्यात भाऊ ओरडले.

"राखून ठेवलाय, भाऊ!"

तिसरी फेरी तो नुसत्या डाव्यावर लढला. पुढे सरकायचं, डावा टाकायचा, मार खायचा, परत डावा. प्रेक्षकांत मंजुळा अख्ख्या बाजाराला पुरेल अशा आवाजात ओरडत होती. पंचाने हात वर केला तो हरेश्वरचा. डावाच धरला म्हणून बरं!

भाऊ धावत आले. "पट्टी बरी बसलेली ना रे?"

"एकदम घट्ट," हरेश्वर म्हणाला आणि उजवा हात पाठीमागे घेतला. भाऊ लहान पोरासारखे रडायला लागले. त्यांना मंजुळाच्या हवाली करून तो स्वप्नीलला घेऊन नळाकडे गेला.

स्वप्नीलने ग्लोव्ह काढला, पट्टी कापली. अंगठा सुजून टम्म झाला होता.

"दादा! कशाला केलंस हे?"

"तू रोज सोडलीस," हरेश्वर कण्हत म्हणाला, आणि कण्हतानाही त्याचा चेहरा खुलला होता. "मी नाही सोडली."

तेवढ्यात वर्गातून भाऊंची हाक आली. आवाज पूर्वीसारखा खणखणीत होता. "अरे, पुढच्या स्पर्धेक दोघांचीही मीच बांधतलंय! आधी कोणाची बांधू, सांगा!"

स्वप्नीलने त्या अंगठ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने तोंड उघडलं. पण हरेश्वरने त्याला बोलू दिलं तर ना!

"माझी!" तो ओरडला. "आधी माझी!"