ताईचा डावा डोळा

परीक्षक मंडळ, तुम्ही प्रदर्शनासाठी दिलेलं माझं चित्र पाहिलंच नाहीत. पाहिलं असतंत तर परत पाठवताना मागच्या बाजूला खडूने ‘डावा डोळा निर्जीव, दुरुस्त करून आणा’ असं खरडलं नसतंत.

तो निर्जीवच आहे. माझ्या थोरल्या बहिणीचा डावा डोळा लहानपणी गेला. आहे तो कृत्रिम. प्रत्येक फोटोत ती मान वळवून उभी. माझ्यासमोर पहिल्यांदा सरळ बसली, तेही अट घालून. “आहे तसा काढ. लोकांनी एकदा बघून घेतला की मीही मान वळवायची सोडेन.”

जुन्या चित्रकारांची पद्धत मला कुणी शिकवली नाही. कॅनव्हास नासवत शिकले. आधी अख्खा डोळा राखाडीत उभा करायचा, वाळू द्यायचा, मग जवसाच्या तेलात पातळ केलेले रंग थरावर थर चढवायचे, खालचा दिसत राहील असे. उजवा जमला. डावा मात्र काही केल्या मरेना! हाताला खोडच लागलेली, दर वेळी जिवंत व्हायचा.

शेवटी भिंग घेऊन तिच्या तोंडाशी गेले.

“ताई, यातल्या शिरा म्हणजे लाल रेशमाचे धागे आहेत गं! आणि बुबुळ हाताने रंगवलंय, ब्रशच्या रेघा दिसताहेत!”

“मग ते रंगवणाऱ्यालाच बोलव. तुझ्याआधी उरकेल. मान अवघडली माझी.”

“हलू नकोस.”

मी पडदा सरकवला. ऊन आलं तशी उजवी बाहुली आकसली. डावी ढिम्म. निर्जीवपणा सापडला! तशाच काढल्या मी, एक बारीक, एक मोठी. थर तेच, तेल तेच.

तुमचा शेरा वाचून ताई आधी हसली. “मंडळाला म्हणावं, मूळ डोळाच पाठवते, तोच द्या दुरुस्त करून.” पण बोलता बोलता तिची मान डावीकडे वळली. पूर्वीसारखीच.

ती मान मला सलतेय. चूक माझ्या रंगात आहे का, हे मला खरंच कळत नाही. की सगळे तिच्यासमोर नजर चुकवतात, तेच तुम्ही चित्रासमोर केलंत?

चित्र परत आणलंय, बोटही न लावता. ताईलाही ओढून आणलंय. बाहेर बाकावर भिंतीकडे तोंड करून बसलीय. उठा, बाहेर या, तिच्या समोर बसा आणि तिला सांगा: यात दुरुस्त काय करायचं?