डावा हात

"माणसांत राहाच्या लायकीचा नाही तो," कलावतीबाईंनी ठाणेदाराच्या टेबलावर बोट आपटलं. "दुपारचं जेवण झालं का ढोल घेऊन बसते. भिंतीले भिंत लागून आमची. फळीवरचे डबे नाचून राहिले, तिथं माणसानं झोपावं कसं?"

ठाणेदाराने खुर्ची पुढे सरकवली, चहा सांगितला. बाई बसल्या, चहाकडे मात्र त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. नवरा रेल्वेत होता तेव्हापासून त्या रायपुरात, पण बोलणं आपलं मराठीतच. समोरच्याला समजलं तर ठीक, नाही तर त्याचं नशीब. याआधी आल्या तेव्हा शिपायाने दारातूनच वाटेला लावलं होतं. आता रायपूर राजधानी झालं, ठाण्याला नवा रंग लागला, तशी माणसंही सुधारली असतील, असं त्यांना वाटलं.

"भैय्यालाल ना? धुमाल पार्टीवाला?" ठाणेदार हसला. "उसे तो हमने सुबह ही उठा लिया, अम्मा."

शिपायाने भैय्यालालला आतल्या खोलीतून आणलं. पायांत चप्पल नव्हती, ओठ सुजलेला. वरातीत धुमालच्या बँडगाडीवर उभा राहून छाती काढून ढोल वाजवणारा हा माणूस, भिंतीशी उकिडवा बसला.

"ढोलासाठी एवढं मारलं?" बाईंनी विचारलं.

"ढोल छोड़ो. इतवार की दोपहर तुम्हारी गली से मोटरसाइकिल गई है, पंडरी के कपड़ेवाले की. और ये पहले बीरगांव में तार-चोरी में पकड़ा जा चुका है. तुम बस इतना कह दो कि इसे उस दोपहर गाड़ी के पास देखा था." त्याने कप बाईंकडे सरकवला. "फिर आराम से सोना."

बाईंनी पदर सारखा केला. फिरता पंखा, ओढलेली खिडकी, फळीवर गप उभे डबे, अशी यापुढची, ढोलाविना एक सबंध दुपार त्यांच्या डोळ्यांपुढून सरकून गेली. भैय्यालाल मान वर करत नव्हता. या बाईने आपल्याविषयी बरं बोलावं, असं दोघांत कधी काही घडलंच नव्हतं.

"इतवारी तर हा ढोल बडवत होता," त्या म्हणाल्या. "जेवणापासून दिवेलागणीपर्यंत. डोळ्याले डोळा लागू देला नाही मेल्यानं."

"ढोल बजा होगा. पार्टी में और भी लड़के हैं. यही बजा रहा था, तुमने देखा?"

"पाहाले कशाले लागते? बाकीचे पोट्टे धड वाजवतात. याचा डावा हात चाल बदलताना अडखळते. दर वेळी, त्याच जागी. पडल्या पडल्या माझा जीव तिथंच लागून राहते, आता चुकन, आता चुकन. अन् चुकतेच. इतवारी दिवसभर चुकला."

शिपाई खो खो हसला. ठाणेदार हसला नाही.

"सोच लो, अम्मा. कचहरी में भी यही बोलना पड़ेगा."

"बोलीन. याले साऱ्या पोट्ट्यायसंग बसवा, मी भिंतीकडे तोंड करून ओळखून दाखवीन."

ठाणेदाराने चहाचा कप परत आपल्याकडे ओढला. मग दोघांनाही दाराकडे हात केला.

बाहेर ऊन कडक होतं. बाई पुढे, भैय्यालाल अनवाणी मागे. शेजारी लहानाचा मोठा झालेला. मराठी सगळी कळायची, उत्तर मात्र हिंदीत. नाल्याच्या पुलावर त्याने हाक मारली.

"काकी."

त्या थांबल्या.

"वो हाथवाली बात... मुझे छुड़ाने के लिए बोली ना?"

त्याच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर हळूच ठेका धरून पाहत होती. बाईंनी ती पाहिली. मग त्याच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं.

"खोटं बोलाची सवय नाही मले," त्या म्हणाल्या. "चोर नाही तू, भैय्यालाल. पण ढोल तुले येत नाही."