सशाच्या तोंडाचं कोकरू

चिमाबाईच्या मनात एकदा संशय शिरला की शिरलाच. सून सुकन्या आपल्यापासून काहीतरी लपवतेय, हे तिनं कधीच ताडलं होतं. भवानी पेठेतल्या दोन खोल्या त्या केवढ्या, त्यात नवरा-बायको कुजबुजायची आणि सासू आली की गप्प. मुलगा बिरुदेव तर टॉवेलच्या कारखान्यातून आला की आईच्या नजरेला नजर देत नव्हता. आता सांगा, सुनेला सातवा महिना लागलेला, पहिलं नातवंड यायचं, आणि घरात असलं मुकेपण!

त्यात सुकन्याचं ते चित्रांचं वेड. बालवाडीत शिकवायची ती; आता रजेवर बसून पोरांसाठी गाण्यांचं पुस्तक करत होती. गाण्यांना कुणाची ना नव्हती हो, पण जनावरं बघाल तर एक धड नाही. कोंबडीच्या अंगाला उंटाची मान, म्हशीला माशाचं शेपूट. गरोदर बाईनं गोंडस बाळांचे फोटो बघावेत, वेडंवाकडं काही बघू नये, हे चिमाबाईच्या सांगोल्याकडच्या धनगरवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिनं स्वतः बाजारातून गुटगुटीत बाळाचा फोटो आणून सुनेच्या उशाशी चिकटवला होता. सुकन्या हसली, आणि पुन्हा उंटाच्या मानेला रंग द्यायला बसली. चिमाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

एका दुपारी सुकन्या धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली. तेवढी संधी पुरे होती. गादीखाली दडवलेला कागद चिमाबाईनं ओढून काढला आणि उजेडात धरला. अंग कोकराचं आणि तोंड सशाचं. वरचा ओठ मधोमध फाटलेला.

असा ओठ तिनं माणसाच्या तोंडावर एकदाच पाहिला होता, तिच्या पहिल्या पोराच्या. दूध ओढता येईना, थोड्याच दिवसांत लेकरू गेलं. हिनं ग्रहणात विळीला हात लावला, हिनंच पोर नासवलं, असं चिमाबाईच्या सासूनं साऱ्या वाड्याला सांगितलं आणि मरेपर्यंत तेच टोचत राहिली. बिरुदेव त्याच्या मागनं झालेला. त्यालाही हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.

सुकन्या खाली आली तर सासू कागद मुठीत धरून उभी. चिमाबाईनं तोंड सोडलं. माझ्या नातवंडाचं वाटोळं करायला बसलीस, आई हायस का वैरीण, काय काय बोलली ते तिचं तिलाच कळलं नाही. ती कागद फाडायला निघाली, तेव्हा सुकन्यानं तिचं मनगट धरलं.

"आत्या, चित्रामुळं काय झालेलं न्हाई. सोनोग्राफी आधीची, चित्रं नंतरची. आपल्या बाळाचा ओठच असा हाय."

चिमाबाईनं मुठीतला कागद पुन्हा उलगडला. सुकन्या सांगत राहिली. ऑपरेशननं ओठ शिवता येतो, डॉक्टरांनी धीर दिलाय. तुम्ही मलाच बोल लावाल म्हणून आम्ही सांगितलं नाही. पण पोर मोठं झाल्यावर त्याला पुस्तकात आपल्यासारखं कुणीतरी सापडावं, एवढ्यासाठी हे कोकरू. बोलता बोलता तिला रडू फुटलं.

बोल लावाल, म्हणे. लावलाच होता की, आत्ताच, तोंड भरून! आपल्या तोंडून आपली मेलेली सासूच बोलली, हे चिमाबाईला कळलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

तिला वाचता येत नव्हतं. चित्राखालचं गाणं तिनं म्हणून दाखवायला सांगितलं. सुकन्यानं डोळे पुसले.

कोकरू-ससा, कोकरू-ससा,
हसतो कसा, बघा हसतो कसा!
वरच्या ओठाच्या पाकळ्या दोन,
फूल समजून हुंगतं कोण?

बराच वेळ चिमाबाई त्या ओठावरनं बोट फिरवत बसली. मग तिनं सुनेला आपल्या थोरल्याचं सगळं सांगितलं, ग्रहण, विळी, सासू, सगळं. सांगून झाल्यावर सुनेचा हात हातात घेतला.

"तू काय केलं न्हाईस," ती म्हणाली. आणि मग, जन्मात पहिल्यांदाच, "मी बी काय केलं नव्हतं."