लिंबावर काय लागलं?

वडशाच्या बाजाररस्त्यावरच्या आठ कडुलिंबांचा कैवार हरिदास रामटेके यांनी घेतला, तेव्हापासून त्या रस्त्यानं सरळ चालायची सोय राहिली नव्हती. भजीवाल्यानं कढईतलं तेल बुडाशी ओतलं की हरिदासभाऊ हजर. कोणी खिळा ठोकून शिकवणीची जाहिरात लावली की हरिदासभाऊ पक्कड घेऊन हजर. सत्तरीचा माणूस, त्याच्याशी भांडणार कोण? लोक त्यांना लांबून पाहूनच पलीकडच्या कडेनं जात.

निमित्त झालं रोगाचं. भाद्रपदात लिंबांचे शेंडे वाळू लागले आणि दसऱ्यापर्यंत आठही झाडं भाजल्यासारखी तपकिरी झाली. बुंध्यांवर लाल फुल्या पडल्या. वाळकी फांदी कोणाच्या डोक्यात पडण्यापेक्षा झाडं काढलेली बरी, असं नगरपालिकेत ठरत होतं. तेवढ्यात शहरातल्या झाडांचं काम पाहायला रंजीता मडावी नावाची मुलगी आली. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावची. तिनं होळीपर्यंत मुदत मागून घेतली. वाळके शेंडे छाटून जाळले, औषध फवारलं, बुडाशी आवळून बसवलेले सिमेंटचे गट्टू उखडून माती मोकळी केली. हरिदासभाऊ सकाळ-संध्याकाळ बादल्या वाहत होते. त्यांची बायको सत्यशीला म्हणे, घरच्या तुळशी वाळल्या तरी चालतील, बाजारातला लिंब हिरवा पाहिजे.

तिला ठाऊक होतं सगळं. आठांपैकी चौकातला आठवा लिंब हा हरिदासभाऊंचा लिंब होता.

एके काळी झाडीपट्टीतल्या, म्हणजे इकडच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे बोर्ड हरिदासभाऊ रंगवायचे. दिवाळी झाली की पत्रे, रंगाचे डबे आणि ब्रश घेऊन ते चौकात ठाण मांडत. बोर्ड वाळला की त्याच लिंबावर चढे. आरमोरीकडून, ब्रह्मपुरीकडून बाजाराला आलेली माणसं आधी मान वर करून विचारत, ‘‘लिंबावर काय लागलं?’’ मग बैलगाड्या जुंपल्या जात, घोंगड्या निघत, आणि पहाटे परतताना बायका नाटकातल्या सासूला शिव्या घालत. सत्यशीलाही तिथंच भेटली. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून ती मोठ्यानं बोर्ड वाचून दाखवत होती, आणि वाचता वाचता तिनं वेलांटीची चूक काढली. हरिदासभाऊंनी शिडीवरून खाली पाहिलं आणि पुढचं सगळं आयुष्य चुका काढून घेण्यात सुखानं घालवलं. आता फ्लेक्स आले, मोबाईलवर जाहिराती आल्या. तरी मान वर केली की त्यांना तिथं आपलीच अक्षरं दिसत.

फाल्गुन लागला आणि झाडं फुटली. पहिलं, दुसरं, तिसरं, असं करत सात लिंबांवर तांबूस कोवळी पालवी आली. हरिदासभाऊ लहान पोरासारखे मोजत फिरले. आठव्यावर मात्र एक डोळा फुटेना.

होळीच्या आदल्या दिवशी रंजीता कागद घेऊन आली. बाजाराचा दिवस, चौकात ही गर्दी. तिनं नीट समजावून सांगितलं. या एकाचा रोग गेलेला दिसत नाही, आणि उभा ठेवला तर बाकीच्या सातांना पुन्हा धरेल. कारणाच्या रकान्यात ‘रोग’ लिहायचं आणि झाड काढायचं. तिचंही तोंड उतरलं होतं.

भजीवाल्याची शिडी मागून हरिदासभाऊ वर चढले, एकदा हात लावून घ्यावा म्हणून. जिथं दोन फांद्या फुटतात त्याच्या हातभर खाली बुंध्याला भोवताली एक वळ होता. वळाच्या वर साल फुगलेली, खाली दबलेली. पट्टा आवळलेल्या पोटासारखी. बोटं त्या वळावरून फिरली आणि थांबली.

तार. बोर्ड बांधायची तार. हंगाम संपला की बोर्ड उतरे, तार तशीच राही, पुढच्या वर्षी कामी येईल म्हणून. पुढच्या वर्षी ती सैल वाटे, मग तिच्यावरून नवी आवळायची. असे अकरा हंगाम. झाड वाढत गेलं आणि त्यानं सगळ्या तारा सालीखाली गिळल्या. खालून कोणालाच काही दिसत नव्हतं. रोगातून बाकीची झाडं सावरली, हे गळा आवळलेलं झाड कशाच्या जोरावर सावरणार होतं?

खाली भजीवाला उभा होता, शिकवणीवाला उभा होता. गेल्या सहा महिन्यांत ज्यांना ज्यांना झाडलं ते सगळे माना वर करून पाहत होते. शिडी उतरून गप्प बसलं असतं तर कागदावर ‘रोग’ लागला असता आणि हरिदासभाऊंची अब्रू जशीच्या तशी राहिली असती. त्यांना क्षणभर ती हवीशी वाटली, हे खोटं कशाला सांगा.

‘‘बाई, रोग नोका लिहू,’’ ते वरूनच म्हणाले. ‘‘तार लिहा. आत तार हाय.’’

‘‘कोणं बांधली, भाऊ?’’

‘‘मीच बांधलो. अकरा वर्सं. याचा जीव मीच आवळलो.’’

चौकात कोणी हसलं नाही. भजीवाल्यानं आतून पटाशी आणून दिली आणि शिडी धरून उभा राहिला. हरिदासभाऊ खाली उतरले आणि रंजीता स्वतः वर चढली. सगळी तार उपटाल तर साल फाटेल, म्हणाली. जागोजागी तोडून फास सोडवला. गंजकी टोकं एकेक करून हरिदासभाऊंच्या तळहातावर पडत गेली. त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. रंजीतानं वळाखालच्या सालीला नखानं खरवडलं तर आत अजून हिरवं होतं. तिनं कागदावर ‘तार’ लिहिलं आणि पावसाळ्यापर्यंत मुदत घातली. जगेल का, हे तिनं सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

धुळवडीनंतर चार दिवसांनी हंगामातलं शेवटचं नाटक होतं, ‘वहिनी, दार उघड’. वहिनीच्या कामात त्यांची नात दिव्यानी, पहिल्यांदाच. तिनं हट्ट धरला होता की बोर्ड आजोबांच्या हातचा पाहिजे. त्यांनी तो रंगवला. नाटकवाले दोरी घेऊन आले आणि नेहमीच्या जागी बांधू का, म्हणाले.

हरिदासभाऊंनी नाही म्हटलं. भजीवाल्याची खुर्ची मागितली, लिंबाखाली टाकली आणि बोर्ड मांडीवर उभा धरून बसले. लोक थांबून विचारत, तेव्हा ते सांगत की झाडाले आता काई बांधाचं नाई. दुपारपर्यंत खांदे भरून आले, बोर्ड कलू लागला.

मग सत्यशीलाबाई आल्या. त्यांनी दुसरी खुर्ची मागवली, शेजारी बसल्या आणि बोर्डाचं दुसरं टोक धरलं. एकदा वाकून सगळा बोर्ड वाचला.

‘‘वेलांटी बरोबर हाय,’’ म्हणाल्या.